टोपमाशांचे मास्तर

मास्तर माशांनाही अहो-जाहो करीत. जिवंत माशांना नव्हे. मरून, चिखलात गाडले जाऊन, कोटी कोटी वर्षांनी दगड झालेल्या माशांना. हातातल्या दगडाकडे बघत, "हे फार सोशिक होते हो," असे ते म्हणत, तेव्हा नवख्याला वाटे की घरातल्या कुणा वडीलधाऱ्याची तसबीर दाखवताहेत.

मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते साठीला टेकलेले होते. गिरगावातल्या एका शाळेत भूगोल आणि सृष्टिज्ञान शिकवून पेन्शनीत निघालेले. मी बावीस वर्षांचा, मालवणाकडचा, मराठी तिसरीत शाळा सुटलेला. गिरगावातच एका शिळाछापखान्यात मी चित्रे काढायच्या कामाला होतो. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईने चित्र उलटे काढायचे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटते, एवढीच माझी विद्या. आमचे मुख्य काम गिरण्यांचे. कापडाच्या ताग्यांवर चिकटवायला लक्ष्मी, हत्ती, मोर, रथ असली चित्रे लागत, त्यांना तिकिटे म्हणत, ती आम्ही छापून देत असू. राहायला लालबागला, गाववाल्यांच्या खोलीत. ते आठ जण गिरणीत जात आणि मी पायी गिरगावात येत असे.

त्या काळात मी सदा घाबरलेला असे. माझ्या आधी त्या जागेवर जो माणूस होता, तो एकदा लक्ष्मीचा हात उलटा काढायचे विसरला. कागदावर लक्ष्मी डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागली. गिरणीने सगळी तिकिटे परत पाठवली आणि मालकांनी त्याला त्याच दिवशी काढले. पुढच्या आगबोटीने तो गावी गेला. ही गोष्ट मालकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि नंतरही महिन्यातून एकदा सांगत. गावी आई होती, दोन बहिणी होत्या, आणि परत जाऊन करण्यासारखे काहीही नव्हते. त्यामुळे शिळेवर हात टेकला की आधी मला ती आगबोट दिसे.

अशा माणसाला मास्तरांनी, पुस्तकातल्या चित्राची चौकशी करायला छापखान्यात आले तेव्हा, पहिल्याच भेटीत "अहो चित्रकार" म्हणून हाक मारली. मी मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

त्यांचा रोजचा सकाळचा फेरा मासळीबाजारात असे. घरात मासळी शिजणे तर सोडाच, तिचे नावही निघत नसे. पण पागोटे, उपरणे, बगलेत छत्री अशा थाटात ते टोपल्यांपुढे उकिडवे बसत. एकेका माशाचे तोंड दोन बोटांनी उघडून आत बघत, वहीत काहीतरी लिहीत आणि काही न घेता उठत. गिरगावात याची चर्चा होई. कुणी म्हणे मास्तर चोरून खातात, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा एका जाड्या, हसऱ्या कोळणीने त्यांना लांबूनच गाठले.

"मास्तर, मावरं घ्याचं हाय का पोरगी बघाची हाय? रोज येताव नि तोंडं उघडून बघताव."

मास्तर गंभीर. "बाई, जबडा नसलेला मासा आला का हो कधी तुमच्या जाळ्यात?"

असा मासा आपल्या समुद्रात मिळत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. दगड झालेल्या बिनजबड्याच्या माशांच्या घराण्यातला एक दूरचा नातेवाईक थंड मुलखातल्या पाण्यात अजून जिवंत आहे, वाम माशासारखा लांबुडका, वाटोळ्या तोंडाने चिकटून राहणारा, असे त्यांनीच मला सांगितले होते. तरी ते रोज विचारत. ती म्हणाली, "जबडा नाय तं खानार काय?"

"चिखल चोखायचे. त्यातून मिळेल ते."

"मंग मेलं त्यात काय नवल."

मास्तरांनी हे वाक्य तिथेच उभे राहून वहीत उतरवून घेतले. परतताना मला म्हणाले, हे मासे नाहीसे का झाले, याच प्रश्नावर विलायतेतले मोठमोठे पंडित अडून बसले आहेत, आणि बाईंनी तो टोपलीवरच्या माश्या वारताना मांडला. पुढे पुस्तकात त्यांनी तो मुद्दा घेतला, आणि तो 'एका अनुभवी बाईंचा' म्हणून घेतला.

बाजारातून आले की त्यांना घरात प्रवेश नसे. मागच्या नळावर अंघोळ, मग ओल्या पंच्याने आत. हा कायदा आक्कांचा. आक्का ही त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. घर त्याच चालवीत. मास्तरांनी लग्न केले नव्हते. विचारले तर सांगत, "वेळ नाही झाला." आणि ते खरेच वाटे.

त्यांच्यापाशी खराखुरा दगड एकच होता. तरुणपणी ते एका कॉलेजात दगडांची कपाटे सांभाळायच्या कामावर होते, तेव्हा विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाने तो त्यांना दिला होता. तळहाताएवढा, तांबूस. त्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराचे एक डोके. डोके म्हणजे एक अखंड ढालच, आणि तिच्या मधोमध, अगदी जवळ जवळ, आभाळाकडे बघणारी डोळ्यांची दोन भोके. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेने त्याला बाधा होऊ नये म्हणून तो फ्लॅनेलात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलेला असे. आक्का भातासाठी तांदूळ काढायला गेल्या की आतून ओरडत, "अरे, तुझे आजोबा पुन्हा वर आलेत, खाली ढकल."

शिपायाच्या चिलखताला टोप असतो, तसा टोप घातलेले म्हणून मास्तरांनी या माशांचे नाव ठेवले 'टोपमासे'. ते नाव मिळायला म्हणे त्यांना चार वर्षे लागली. ढालमस्तक, कवचशीर्ष अशी भारी नावे त्यांनी वहीत लिहून खोडली होती. "तोंडात बसलं पाहिजे हो. ज्यांना तोंडच धड नव्हतं, त्यांचं नाव तरी सोपं असावं."

टोपमाशांना जबडा नव्हता, दात नव्हते. मास्तरांचेही सगळे दात पडलेले. ते दूध कालवलेला मऊ भात बराच वेळ तोंडात घोळवीत आणि म्हणत, "आमचं नि यांचं पथ्य एकच." रस्त्याने जाताना कुठे दगड फोडण्याचे काम दिसले की ते थांबत, चार खपल्या उचलून बघत आणि टाकून देत. मुंबईचा दगड काळा, आगीतून आलेला. त्यात मासे कुठून असणार. वरळीकडच्या खडकात दगड झालेले चिमुकले बेडूक सापडले होते, त्याचा त्यांना राग होता. "मुंबईच्या नशिबी बेडूक," एवढेच म्हणत आणि चालू लागत.

एके दिवशी छापखान्यात पेढ्यांची पुडी घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला. मालकांनी पेढा तोंडात टाकून विचारले, काय आनंदाची बातमी? मास्तर म्हणाले, "पणजोबा सापडले."

"हरवले होते?"

"कोटी कोटी वर्षं."

मग उलगडा झाला. विलायतेहून टपालाने आलेल्या एका मासिकात त्यांनी वाचले होते की अमेरिकेत, डोंगरातल्या एका खडकात, आजवर ठाऊक असलेल्या सगळ्यांहून जुन्या टोपमाशांचे अवशेष मिळाले. मालकांनी विचारले, अख्खा मासा? नाही, कवचाचे तुकडे, तेही बारीक. तुम्ही बघितले? नाही. मग पेढे कशाचे, हे मालकांनी तोंडाने विचारले नाही, पण दुसरा पेढा उचलला. त्याच दिवशी मास्तरांनी मासळीबाजारातही पेढे वाटले. वाडीत बातमी पसरली ती वेगळीच, आणि दुपारी दोन बायका आक्कांना विचारायला आल्या, नक्की कोण वारले आणि सोयर की सुतक. आक्का आठ दिवस भावाशी बोलल्या नाहीत.

त्या बातमीनंतर मास्तरांना घाई झाली. वीस वर्षे ते टोपमाशांवर मराठीत एक पुस्तक लिहीत होते. ते आता पुरे करायचे, तीनशे प्रती काढायच्या आणि गिरगावातल्या एका सभागृहात व्याख्यान देऊन त्या लोकांच्या हाती ठेवायच्या, असे ठरले. मजकूर दुसरीकडे छापून तयार झाला. चित्राचा मोठा कागद आमच्याकडे आला. मास्तरांनी पेन्सिलीने काढलेले चित्र होते: टोपमासा बाजूने पोहताना, वर ढाल, मागे खवले, शेपूट वर उचललेले. ढालीखाली, जिथे इतर माशांना जबडा असतो तिथे, काही नाही. पोट सरळ गाळाला टेकलेले.

सहा दिवस मी ते चित्र शिळेवर काढत होतो. मास्तर शेजारी स्टुलावर बसून असत. एकेक खवला झाला की "वा," म्हणत. मला आयुष्यात त्याआधी कामाबद्दल कोणी वा म्हटले नव्हते. त्याच दिवसांत त्यांनी मला इंग्रजी अक्षरे शिकवली, माझे शुद्धलेखन सुधारले, आणि आईला लिहायचे पत्र स्वतःच्या हाताने न लिहिता माझ्याकडून लिहून घेतले. चार वेळा लिहायला लावले. आज मी हे चार शब्द लिहितो आहे ते त्या स्टुलाशेजारीच शिकलेले.

सातव्या दिवशी मास्तर आले नाहीत. ताप भरला होता. मालक हात पुसत शिळेपाशी आले आणि बघत राहिले. त्यांना गिरणीच्या कामासाठी ती शिळा लवकर हवी होती.

"ह्याला तोंड कुठंय?"

मी सांगितले की जबडा नसतो, मास्तरांचे सारे पुस्तकच त्यावर आहे.

"मास्तर मासे खातात?"

"नाही."

"मी खातो. जन्म गेला खाण्यात. बिनतोंडाचा मासा काढला तर लोक म्हणतील, ह्या छापखान्यात मासासुद्धा काढता येत नाही. काढ तोंड."

मी म्हटले, मास्तरांना एकदा विचारून येतो. मालकांनी फक्त लक्ष्मीच्या डाव्या हाताची आठवण करून दिली. मला आगबोट दिसली.

मी जबडा काढला. आणि हे सांगायला लाज वाटते, पण काढायला घेतल्यावर चांगला काढला. लहानपणापासून किनाऱ्यावर वाढलेला मी. हाताला ठाऊक होते. त्याच दुपारी तीनशे कागद निघाले, आणि संध्याकाळपर्यंत शिळा वाळूने घासून कोरी झाली. तिच्यावर हत्ती काढायला मी दुसऱ्या दिवशी बसलो.

मास्तर आले ते व्याख्यानाच्या दिवशीच, दुपारी, गळ्याला मफलर गुंडाळून. बांधून झालेल्या प्रतींतली एक उचलली, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला, आणि चित्र उघडले. बराच वेळ बघत होते. मी हातातली लेखणी खाली ठेवली.

मालकांनी विचारले, काही राहिले का? आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे बोट करून म्हणाले, "चित्रं सगळी ह्याची. मी त्यात पडत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी बोललो नाही. बोलायला हवे होते. दोन शब्द पुरले असते. ते जवळ आले, चित्रावर वाकले आणि मलाच ऐकू जाईल असे म्हणाले, "सुरमईचा ना?"

मी मान डोलावली.

मग त्यांनी आपले पेन्सिलीचे मूळ चित्र मागून घेतले, गुंडाळी केली आणि कोटाच्या आत सारली. मालकांना म्हणाले, "काही नाही राहिलं. माझ्याच चित्रात तसं होतं."

ते गेल्यावर मालक म्हणाले, "बघ, शेवटी त्यांनाही तोंड पाहिजेच होतं."

सभागृह निम्मे भरले होते. मालक पहिल्या रांगेत, कारण प्रती त्यांच्या छापखान्याच्या. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मास्तर तासभर बोलले. तांबूस दगड वर धरून बोलले, आणि त्यांच्या त्या बोळक्या तोंडातून टोपमासे असे काही निघाले की घरी जायला उठलेली माणसे परत बसली. शेवटी एक नामांकित डॉक्टर उभे राहिले. हातात पुस्तक, चित्राचे पान उघडलेले.

"मास्तर, यांना जबडा नव्हता असं आपण तासभर सांगितलंत. मग आपल्याच पुस्तकात हे खाली काय आहे? दाढी?"

सगळे सभागृह हसले. डॉक्टर आणखी म्हणाले की ज्यांच्या पानात कधी मासा पडला नाही त्यांनी माशांवर लिहू नये, आणि हशा वाढला. मास्तरांनी एकदा पहिल्या रांगेत मालकांकडे पाहिले. मागे माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. खरे सांगून टाकले असते तर त्यांच्या पुस्तकाची अब्रू वाचत होती आणि माझी नोकरी जात होती. त्यांनी दगड फ्लॅनेलात गुंडाळायला घेतला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "ज्यांनी प्रत घेतली त्यांनी कृपा करून परत करावी. मी हे पुस्तक मागे घेतो."

वीस वर्षे. एका पुस्तकाला वीस वर्षे दिलेला माणूस फ्लॅनेलाची घडी घालत होता, आणि घडी नीट बसत नव्हती.

मी उभा कसा राहिलो ते मला आजही सांगता येणार नाही. शुद्ध भाषा, जी त्यांनीच शिकवली होती, ती कुठे गेली कोण जाणे. तोंडातून गावचे शब्द पडले.

"तो जबडो माझो. मास्तरांचो नाय."

लोक वळून बघू लागले. मालकही वळले. मी पुढे सांगितले की मास्तरांच्या चित्रात जबडा नव्हता, मूळ चित्र त्यांच्या कोटात आहे, बघा, आणि मी तो शिळेवर वाढवला. मालकांनी सांगितले म्हणून, हे मी म्हटले नाही. हात माझा होता.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कोटातली गुंडाळी काढून डॉक्टरांच्या हाती दिली. डॉक्टर दोन्ही चित्रे शेजारी शेजारी धरून बघत राहिले. आणि मास्तर सभेकडे वळून म्हणाले, "जो जबडा यायला सृष्टीला कोट्यवधी वर्षं लागली, तो या गृहस्थांनी एका दुपारी काढला. एवढी घाई सोडली, तर काम उत्तम आहे."

पुन्हा हशा झाला. पण हा वेगळा होता. डॉक्टरही हसले आणि खाली बसले. प्रत परत कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला काढले. मास्तरांनी काळबादेवीच्या एका छापखान्याला चिठ्ठी लिहून दिली आणि महिन्याभराने मला तिथे काम मिळाले. मधल्या त्या महिन्यात मी रोज सकाळी लालबागहून चालत मास्तरांच्या खोलीवर जात असे. न खपलेल्या प्रती तिथे भिंतीशी रचल्या होत्या. व्याख्यानाला आलेल्यांनीही, जबडा खरवडून प्रत परत देऊ असा निरोप जसजसा गेला तसतशा, आपल्या प्रती आणून दिल्या. डॉक्टरांनी गड्याबरोबर पाठवली. आम्ही दोघे समोरासमोर बसून पातळ पात्याच्या चाकूने जबडे खरवडत असू. हात हलका हवा. जरा जोर पडला की कागद फाटे. आक्का भात वाढून ठेवत आणि म्हणत, आधी काढायचं, मग खरवडायचं, आणि वर बायकांना नावं ठेवता.

प्रत साफ झाली की मास्तर ती माझ्या हातातून घेत आणि पहिल्या पानावर, आपल्या नावाखाली, बोरूने काहीतरी लिहीत. मला वाटले, तारीख असेल. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी डोकावलो. वळणदार अक्षरात लिहिले होते, 'चित्रे', आणि पुढे 'श्री.' लावून माझे संपूर्ण नाव, आडनावासकट. प्रत्येक प्रतीवर. ते नाव तोवर मी शाळेच्या पटावर आणि आईच्या पत्राखाली, याखेरीज कुठेही लिहिलेले पाहिले नव्हते.

मी त्यांचा हात धरला. म्हटले, हे नको, लोक म्हणतील जबडा काढणारा तो हाच.

त्यांनी हात सोडवून घेतला आणि बोरू दौतीत बुडवला.

"चूक कुणाची ते सगळ्या गिरगावाला कळलंच आहे," ते म्हणाले. "चित्र कुणाचं, तेही कळू द्या. शाई ओली आहे, जपून ठेवा."

मी ती प्रत दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेली आणि वाळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.